फाशीच्या लाकडाची इर्जिक

आयलंड हार्बर, अँग्विला
२४ फेब्रुवारी १९९१

इडेलिया,

तुझं पत्र पोचलं. आत घडी घालून ठेवलेला टाईप केलेला कागदही पोचला. कागद परत पाठवते आहे, सही न करता. टपालखर्च माझा. तेवढे माझे उपकार समज.

‘मी, व्हॅश्टी हॅरिगन, मृत हिलरॉयची आई, गव्हर्नरसाहेबांना विनंती करते की क्लोव्हिसची फाशी माफ करावी.’ काय सुंदर भाषा! तुझ्या वकिलाने लिहिली असणार. ‘मृत हिलरॉय’ हे शब्द तुझ्या हाताने उतरले असतील असं मला तरी वाटत नाही. कडेवर घेऊन फिरवलंयस तू त्याला.

कोर्टात काय झालं ते तू फोन करून करून अर्ध्या गावाला विचारलंस, मला सोडून. म्हणून आता माझ्याकडून ऐक. ऑगस्टच्या शर्यतीत हिलरॉय आपल्या होडीचा कप्तान होता. तुझा क्लोव्हिस या खेपेला समोरच्यांच्या होडीचं सुकाणू धरून बसला होता. किनारा जवळ आला की आतल्या होडीने हाक द्यायची आणि बाहेरच्या होडीने वळून वाट द्यायची, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. हिलरॉयने हाक दिली. सगळ्या किनाऱ्याने ऐकली. क्लोव्हिसनेही ऐकली, कोर्टात तसं कबूल केलं. पण वळला नाही. आपली होडी खडकावर चढली, बूड फाटलं. मग वाळूत दोघांची जुंपली. हिलरॉयने त्याला दोन शब्द सुनावले, तसा क्लोव्हिस पाठ फिरवून चालायला लागला. लोकांना वाटलं, मिटलं. तो गेला होता आपल्या होडीकडे. सुकाणूचा दांडा उपसून परत आला आणि माझ्या लेकाच्या डोक्यात घातला.

रागाच्या भरात तिथल्या तिथे हात उचलला असता तर ज्युरीने वेगळा विचार केला असता. पण तो गेला आणि परत आला. वकिलाने कितीही डोकं आपटलं तरी ते ‘परत आला’ काही पुसलं गेलं नाही.

तू इंग्लंडला गेलीस तेव्हा क्लोव्हिस चार वर्षांचा होता. माय मरो, मावशी जगो म्हणतात. इथे तर माय मेलीही नव्हती. स्लाऊला चॉकलेटच्या कारखान्यात होती, आणि मावशी इथे दोन पोरांची नाकं पुसत होती. शिक्षा सुनावली त्या दिवशी त्याच्या बाजूच्या बाकावर एकही माणूस नव्हता. त्याने वळून पाहिलं तेव्हा त्याला ओळखीचं एकच तोंड दिसलं, ते माझं. आणि मी त्याची फाशी ऐकायला आले होते.

दुसरा कागद पाठवू नकोस. चुलीत घालीन.

व्हॅश्टी


स्लाऊ, इंग्लंड
११ मार्च १९९१

व्हॅश्टीताई,

ताई म्हणायला जीभ रेटत नाही, पण सवय जात नाही.

मी आले नाही, आले नाही, आले नाही. वीस वर्षं तेच दळण दळते आहेस. इथे आम्ही चौघी एका खोलीत राहत होतो, पलंगसुद्धा पाळीपाळीने वापरायचो. मग लग्न झालं, मुली झाल्या. पण एक नाताळ असा दाखव की माझ्याकडून सामानाचं पिंप आलं नाही. तांदूळ, साबण, कपडे, बूट. तुझ्या हिलरॉयच्या पायातही माझ्याच घामाचे बूट होते, ताई. ते घालताना तुला माझी लाज वाटली नाही.

वाढवलं म्हणतेस. कसं वाढवलंस ते मीही ऐकून आहे. सुकाणू हिलरॉयच्या हातात. माझा मुलगा होडीच्या तळाशी बसून डब्याने पाणी उपसायचा. मिसरूड फुटली तरी पाणीच उपसत होता. शेवटी परक्या माणसाने त्याच्या हातात सुकाणू दिलं, तेव्हा तो गेला. कोणीही गेला असता.

आणि हिलरॉयने ‘दोन शब्द सुनावले’ म्हणून तू पुढे सरकलीस. कोणते दोन शब्द ते लिहायला शाई संपली वाटतं. मला दुसरीकडून कळलं. ‘आईने टाकलेलं पोर, आमच्या ताटात जेवलास आणि आमचीच होडी फोडलीस.’ हे त्याने कुठून उचललं? पोरं घरात ऐकतात तेच बाहेर बोलतात.

आता कामाचं. इथे इंग्लंडमध्ये फाशी बंद होऊन पाव शतक उलटलं. गोऱ्या माणसाने गोऱ्या माणसाचा खून केला तर त्याला तुरुंग. दोर शिल्लक ठेवलाय तो आपल्यासारख्या बेटांवर, जिथे झेंडा यांचा आणि माना आपल्या. लॉर्डांच्या सभेतले एक म्हातारे गृहस्थ यासाठी झटताहेत. त्यांनी मला चहाला बोलावलं होतं. म्हणाले, बेटांच्या विधानसभांना विनवून झालं, त्या फाशी सोडायला तयार नाहीत, आता लंडनहूनच हुकूम काढायचा. निघणार हे नक्की, कधी ते नाही. आणि क्लोव्हिसचं अपील मे महिन्यात संपतं. हुकूम आधी येतो की दोर आधी येतो, एवढाच प्रश्न आहे. मृताच्या आईने दया मागितली तर गव्हर्नरला तारीख पुढे ढकलावीच लागेल. म्हणून पुन्हा कागद जोडला आहे.

तुझ्याकडून प्रेमाची अपेक्षा नाही. सही मागते आहे.

इडेलिया


आयलंड हार्बर
२९ मार्च, गुड फ्रायडे

इडेलिया,

कागद चुलीत घातला. सांगितलं होतं.

बुटांचं म्हणतेस ना? परत पाठवले असते. पण हिलरॉयला त्यातल्याच एका जोडीत पुरलाय.

पाणी उपसण्याचं इतकं वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या बाबांच्या होडीत मी पाणी उपसलंय, तू मात्र किनाऱ्यावर बसून केस विंचरायचीस. जो उपसतो तो होडी बुडू देत नाही, हे मी क्लोव्हिसला लहानपणापासून सांगत आले. त्याने त्याच होडीचं बूड फोडलं. आणि ते शब्द मी घरात बोलले होते की नाही, ते सोड. खोटे होते का, एवढं सांग. खोटे असतील तर मी चर्चमध्ये सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून तुझी माफी मागते.

तुझ्या लॉर्डसाहेबांना माझा नमस्कार सांग. आपण निवडून दिलेली माणसं नाही म्हणतात, म्हणून ते हो म्हणणार. छान. सेंट किट्सचं राज्य नको म्हणून त्यांच्या पोलिसांना आपण बेटावरून हाकललं तेव्हा तू क्लोव्हिसला पोटाशी धरून माझ्या शेजारी रस्त्यात उभी होतीस. आम्हाला लंडनकडेच राहू द्या म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. फिटली हौस. माझा मुलगा मारला गेला तो इथल्या वाळूत, आणि त्याचा न्याय काय व्हावा हे ठरवणार चहा पिणारा एक म्हातारा, ज्याला हे बेट नकाशात शोधायला भिंग लागेल. मला कोणी विचारलं? तू विचारलंस ते सही मागायला.

इथे मात्र एक घोटाळा झालाय. बेटावर फाशीचा सांगाडाच नाही. हयात असलेल्या कोणी तो पाहिलेला नाही. व्हॅलीच्या सरकारी कचेरीत जाऊन साहेबांना विचारलं तर म्हणाले, “बाई, कोणी सुतार तयार होत नाही. आम्ही वर लिहिलं आहे.” मी म्हटलं, “साहेब, होड्या बांधणारं गाव आहे आमचं. दोन खांब आणि एक तुळई उभी करायला वर कशाला लिहायचं?” ते लाल झाले आणि कागद चाळायला लागले.

तशीच एल्कानामामाकडे गेले. एवढा पंचक्रोशीत नावाजलेला कारागीर, आपल्या आईचा सख्खा भाऊ. मला म्हणाला, “व्हॅश्टी, मी तरंगणाऱ्या वस्तू करतो,” आणि रंधा मारत राहिला. वर बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा मी ठरवलंय. हिलरॉय घर बांधत होता ते तुला माहीत आहे. भिंती उभ्या आहेत, वर आभाळ आहे. त्याने आणलेलं लाकूड अंगणात तसंच पडून आहे. एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी मी इर्जिक घालते. इंग्लंडमध्ये विसरली असशील म्हणून सांगते: शंख फुंकला की ज्याच्या कानावर गेला त्याने आपलं हत्यार घेऊन यायचं, मजुरी मागायची नाही, घरधनिणीच्या हातचं पोटभर जेवायचं. या गावात कोणाच्या शंखाला आजवर कोणी पाठ दाखवलेली नाही. माझ्या अंगणात सांगाडा उभा राहील, आणि साहेबांनी ट्रक पाठवून तो तुरुंगात न्यावा.

व्हॅश्टी


स्लाऊ
१२ एप्रिल १९९१

ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा स्वयंपाकघरात, आणि एकदा लंडनच्या सभेत, मोठ्याने.

हो, वाचून दाखवलं. ‘माझ्या अंगणात सांगाडा उभा राहील.’ हॉलमध्ये एक बाई रडायला लागली. वर्तमानपत्राच्या माणसाने ते वाक्य उतरवून घेतलं आणि विचारलं, मृताची आई स्वतःच्या हाताने फाशी उभारते आहे? मी म्हटलं, स्वतःच्या हाताने नाही, सगळ्या गावाला जेवू घालून. लॉर्डसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की हुकूम का काढायचा, हे समजावायला आता त्यांना वेगळं भाषण नको.

तू सही दिली नाहीस. सहीने जेवढं झालं असतं त्याच्या दसपट काम तुझ्या त्या पत्राने केलं. मनापासून आभार.

तुला लाज कशी वाटत नाही? ज्याला भरवलंस त्याच्या फाशीसाठी चूल पेटवतेस? अजून लिही, ताई. खूप लिही. प्रत्येक ओळ कामाला येते.

इडेलिया


आयलंड हार्बर
२१ एप्रिल १९९१

इडेलिया,

बहिणीचं पत्र चव्हाट्यावर वाचणारी तू पहिलीच असशील. आपली आई असती तर तिने तुला कानाला धरून विहिरीपर्यंत नेली असती. हेही वाच सभेत. सगळं वाच, मधेच थांबू नकोस.

काल इर्जिक झाली.

पहाटे उठून मी बकरा रांधला, तुरीचे दाणे घालून हंडाभर भात केला, मक्याचा पाव भाजला, मॉबीच्या सालीचं कडू सरबत गाळून ठेवलं. उजाडलं तसा शंख फुंकला. रस्ता मोकळाच. वाटलं, येत नाहीत. पुन्हा फुंकला. मग वळणावरून माणसं दिसायला लागली, आणि दिसतच राहिली. हातोडे, करवती, खिळ्यांचे डबे. ज्यांच्याशी माझं वाकडं आहे तेही आले. बायकासुद्धा आल्या, पातेली घासायला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, गाव माझ्या बाजूने आहे.

सगळ्यांत शेवटी एल्कानामामा आला, कानावर पेन्सिल खोचून. लाकडाभोवती एक फेरी मारली, तुळईवर थाप मारली.

“हे कशासाठी आणलं होतं पोराने?”

“आणलं तेव्हा छपरासाठी,” मी म्हटलं. “आता कशासाठी ते गावाला ठाऊक आहे.”

“मला नाही ठाऊक. माझं वय झालं.” मग पोरांकडे वळून म्हणाला, “चढा रे भिंतीवर. आधी मधली तुळई.”

इडेलिया, ते चढले! माझ्या डोळ्यांदेखत हिलरॉयच्या भिंतींवर चढले आणि मोजमाप ओरडून सांगायला लागले. मी ओरडले, “मामा! इर्जिक माझी आहे. मी सांगीन ते काम!”

“शंख तुझा, रस्सा तुझा,” तो म्हणाला. “काम काय ते सगळ्यांत म्हातारा सांगतो. मी काढलेला नियम नाही.”

आणि खरंच, नियम तोच आहे. घरधनिणीने रांधायचं, वडीलधाऱ्याने काम वाटायचं. जन्मभर त्या नियमाने जगले, आणि शंख उचलताना नेमका तोच माझ्या डोक्यात आला नाही. मी शिडी ओढायला धावले, तर खालून कोणीतरी म्हणालं, “व्हॅश्टी, सोड, पोरं वर आहेत.” सोडली. करवत चालू होती, खिळे ठोकत होते, मी मधोमध उभी राहून शिव्या देत होते, आणि लोक मला वळसा घालून लाकूड नेत होते. मी विचारलं, “या घरात राहणार कोण आहे? कोणासाठी झाकताय?” वरून एकाने खिळे मागितले.

ऊन कलायच्या आत छप्पर झालं. मग जेवायला बसले. एकाने दुसऱ्यांदा रस्सा मागितला. मी वाढला. काय करणार, इर्जिकीला आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. सगळा गाव माझ्या बकऱ्यावर ताव मारून, माझंच लाकूड वापरून, मलाच उल्लू बनवून तोंड पुसत घरी गेला.

यात आपली सरशी मानू नकोस. क्लोव्हिसचा कळवळा त्यांच्यापैकी कोणालाही नाही. जाताना मामा म्हणाला, “साहेबाला क्लोव्हिस लटकवायचाच असेल तर त्याने बाहेरचं लाकूड आणावं, बाहेरचा सुतार आणावा. आम्हाला उद्या याच हातांनी होड्या बांधायच्या आहेत.” बस, एवढंच. लटकवू नका असं तो म्हणाला नाही.

मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. तुझ्याशीही सोडणार होते, पण तुला शिव्या द्यायला कोणीतरी हवं.

व्हॅश्टी


स्लाऊ
१३ मे १९९१

ताई,

शुक्रवारी हुकूम निघाला. राणीच्या दरबारात मंजूर झाला. खुनासाठी फाशी आता आपल्या बेटावर नाही, शेजारच्या बेटांवर नाही, कुठेच नाही. क्लोव्हिसला जन्मठेप. तू हरलीस. हे मला स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, म्हणून फोन केला नाही.

तू ओरडशील की आम्हाला कोणी विचारलं नाही. बरोबर, नाही विचारलं. सगळ्यांना विचारत बसले असते तर माझा मुलगा आतापर्यंत मातीत गेला असता. मला त्याची खंत नाही.

आता एक मागते, आणि या वेळी कागद जोडलेला नाही. तो पकडला गेल्यापासून त्याला भेटायला कोणी गेलेलं नाही. तुरुंगात रविवारी घरचं जेवण चालतं, साबण, कपडे चालतात. तू जवळ आहेस. तू नाही गेलीस तर कोण जाणार? पैसे मी पाठवत जाईन. मी स्वतःच आले असते, पण कंबर धरली आहे, धाकटीची परीक्षा जूनमध्ये आहे, आणि इथे घरात काही गोष्टी आहेत ज्या पत्रात लिहिता येत नाहीत. ऑगस्टमध्ये बघू.

तुझ्यात थोडी तरी माणुसकी उरली असेल तर जा.

इडेलिया


आयलंड हार्बर
१० जून १९९१

इडेलिया,

पैसे पाठवलेस तर परत येतील.

तुरुंगात जाऊन आले. तुझ्या सांगण्यावरून नाही. मला त्याचं तोंड बघायचं होतं. म्हटलं, वाचल्याचा आनंद त्यावर एकदा दिसू दे, मग जन्मभर त्याचा राग करणं सोपं जाईल. भात नेला होता. रिकाम्या हाताने आत सोडत नाहीत म्हणून.

तो वाळलाय. दाढी वाढली आहे. मला बघून उठून उभा राहिला.

“मावशी.”

“मला मावशी म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू?”

मी म्हटलं, “खूश आहेस ना? वाचलास.”

“माहीत नाही,” तो म्हणाला. “आधी सकाळी कुलूप वाजलं की वाटायचं, आले न्यायला. आता वाजतं तेव्हा चहा आणलेला असतो. तरी मी भिंतीला चिकटूनच उभा राहतो.”

मग जेवला. मी बघत उभी होते. मान खाली घालून भराभर खातो तो, लहानपणापासून, कोणी ताट ओढून नेईल तसा. मी कधी कोणाचं ताट ओढलं नाही, इडेलिया. दोघांना सारखं वाढलं. ते तरी तुझ्या सभेत सांग.

खाता खाता म्हणाला, “रेडिओवर सांगितलं, इंग्लंडमधल्या माझ्या मावशीने खटपट केली. रेडिओवाल्यांची चूक झाली ना? आईच आहे ती.”

मी म्हटलं, “त्यांना कुठे काय धड कळतं?”

“तिने एवढं केलं,” तो म्हणाला, “म्हणजे ती येईल.”

आता ऐक. वीस वर्षं हे पोर मला विचारत आलंय आणि वीस वर्षं मी म्हणत आलेय, माहीत नाही. तू दर पत्रात ‘पुढच्या वर्षी’ लिहायचीस, मी ते त्याला कधी वाचून दाखवलं नाही, कारण मी तुला ओळखते. काल मात्र मी म्हणाले, “हो. ऑगस्टमध्ये येते आहे.” त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाले, की तुला अडकवायला म्हणाले, ते मला विचारू नकोस. दोन्ही असेल. त्याने लगेच विचारलं, त्या दिवशी दाढी करायला परवानगी मिळेल का.

मला त्याला फाशी हवी होती. अजूनही वाटतं ते बरं झालं असतं. तुला वाटत असेल मी नाचले असते. मी घरी येऊन दार लावून रडले असते, पण रडून संपलं असतं. मेलेल्याच्या थडग्यावरचं तण काढलं की काम झालं. जिवंताला रविवारच्या रविवारी भूक लागते. तो समोर बसून जेवतो आणि मला हिलरॉय दिसतो, आणि मी त्याला अजून वाढते. हे तू माझ्या गळ्यात बांधलंयस. आता ये आणि सोडव.

व्हॅश्टी


स्लाऊ
३० जुलै १९९१

ताई,

तू हे मुद्दाम केलंस.

मी येऊ शकत नाही. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. का ते एकदाच लिहिते. वाचून हे पत्र जाळ.

माझा नवरा बार्बाडोसचा, चर्चमधला मोठा माणूस. लग्न झालं तेव्हा मी त्याला सांगितलं नाही की मला लग्नाआधीचा मुलगा आहे. आज सांगू, उद्या सांगू करता करता मुली झाल्या. या घरात क्लोव्हिस माझा भाचा आहे. पिंपं भाच्यासाठी जायची. सभांमध्येही मी मावशी म्हणूनच उभी राहिले. लॉर्डसाहेबांनाही तेच माहीत आहे. रेडिओवाल्यांची चूक नाही. वकील तेवढा खरं जाणतो, आणि त्याचं तोंड मी बंद ठेवलंय.

त्याच्या जिवासाठी मी लोकांच्या दारात उभी राहिले. पाया पडले. कोणाला वाटलं नसेल की भाच्यासाठी कोणी इतकं करतं. पण तिथे येऊन त्या गजांपुढे ‘मी तुझी आई’ म्हणायचं, आणि परत येऊन या घरात राहायचं, हे मला होणार नाही. तू मला भित्री म्हण. तुझ्यापेक्षा वाईट शब्द मी स्वतःला वापरले आहेत.

एक शेवटचं कर. त्याला सांग, आई मेली. आजारी होती, गेली. एकदाच रडेल, आणि मग त्याचं वाट बघणं संपेल. त्यालाही सुटका, मलाही. तुला तर हे जड जाऊ नये.

इडेलिया


आयलंड हार्बर
१९ ऑगस्ट १९९१

इडेलिया,

पत्र जाळलं.

काल गेले होते. त्याने दाढी केली होती. मी एकटीच आत आले तेव्हा माझ्या मागे दाराकडे बघत राहिला. पहारेकऱ्याने कडी लावली तरी बघत होता.

आई मेली असं सांगायला जीभ उचलली होती, कबूल करते. एका वाक्याचं काम होतं. माणूस मारून मोकळं व्हायचं, बाकीच्यांनी रडून आपापल्या घरी जायचं, मलाही हेच हवं होतं ना सगळं वर्ष? पण ते या बेटावर आता बंद आहे. तूच बंद केलंस. मला पटलं नव्हतं, अजून पटलेलं नाही, पण हुकूम म्हणजे हुकूम, आणि तो तुलाही लागू आहे.

मी त्याला म्हटलं, “तुझी आई जिवंत आहे. धडधाकट आहे. येणार नाही.”

त्याने ताट बाजूला सारलं. मी उठले नाही. खूप वेळाने त्याने ते पुन्हा ओढलं आणि जेवला.

पुढच्या रविवारी तो विचारेल, आणि मी हेच सांगेन. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी जगते आहे तोवर माझ्याकडून तुला मरण मिळणार नाही.

व्हॅश्टी